मधल्या दिवसाची हजेरी

शुक्रवारी सकाळी हजेरीबाईंनी एकाच पेन्सिलीला तीनदा टोक काढलं. पहिल्यांदा गरज होती म्हणून, दुसऱ्यांदा सवयीने आणि तिसऱ्यांदा हात स्वस्थ बसेनात म्हणून. दुपारी चार वाजता त्यांना एका यादीवर सही करायची होती, आणि त्या यादीत सगळ्यात वर नाव होतं त्यांच्या धाकट्या जावेचं.

धुलाईचा कारखाना होता तो. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, खानावळींचे टेबलक्लॉथ असे गाडेच्या गाडे भरून रोज यायचे. एका बाजूला धुण्याची अजस्र यंत्रं, मधे इस्त्रीच्या तापलेल्या रुळांची रांग आणि टोकाला घड्या घालायची लांबलचक टेबलं. बासष्ट माणसं, त्यांत बायकाच जास्त. दाराशी काचेची एवढीशी खोली. खोलीत टेबल, टेबलावर वही आणि वहीमागे हजेरीबाई. एकोणतीस वर्षं त्या तिथे बसत होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठे उरलंच नव्हतं. घरी यजमानसुद्धा सकाळी विचारायचे, "हजेरीबाई, चहा हजर आहे की गैरहजर?"

वही म्हणजे तरी कशी! कापडी पुठ्ठ्याची, लाल रेघांची, उघडली की खळीचा वास येणारी. हजर असेल त्याला 'ह', आजारी असेल त्याला 'आ', न सांगता दांडी मारली तर फुली. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आणि खाडाखोड म्हणून नाही. जुने मालक पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणत, तेव्हा आधी ही वही दाखवत. म्हणत, "आमच्याकडे एखादं यंत्र बिघडेल, पण बाईंची वही बिघडायची नाही."

बाईंना ते आठवलं आणि त्यांनी समोरची वही मिटून टाकली. कारण वही बिघडलेली होती, आणि हे जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. जुने मालक थकले, कारभार मुलाकडे गेला आणि मुलाने एक नव्या मॅडम आणून बसवल्या. तिशीची मुलगी. चालायची अशी की पायाला भिंगरी बांधलीय. मुलगी वाईट नव्हती. पण रोज आठ-दहा माणसं आजारी, रूळ रिकामे आणि इस्पितळाच्या चादरी दोनदा उशिरा पोचलेल्या. तिसऱ्यांदा उशीर झाला असता तर ते काम दुसरीकडे जाणार होतं, आणि मग बासष्टांपैकी निम्म्यांनी घरीच बसायचं. मॅडमनी संगणक आणवला, गेल्या वर्षाची वही त्यात भरून घेतली, आणि बुधवारी हजेरीबाईंना बोलावून हिशेब समजावला.

"हे बघा बाई, दिवस किती बुडाले याला फारसं महत्त्व नाही. माणूस वर्षात किती वेळा आजारी पडलं, ते बघायचं. त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं, आणि मग एकूण दिवसांनी. एकदाच वीस दिवस आजारी पडला, तर एक गुणिले एक गुणिले वीस. वीस गुण. खरा आजारी. पण कोणी सारखं एक-दोन दिवस, एक-दोन दिवस राहत असेल तर गुण कुठल्या कुठे जातात. त्यांच्यामुळेच काम अडतं. आयत्या वेळी बदली माणूस आणायचा कुठून?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. ऐकायला बरोबरच होतं.

"दोनशेच्या वर गेला त्याला ताकीद. चारशेच्या वर गेला तर कामावरून कमी."

मग त्यांनी यादी पुढे सरकवली. तेरा नावं. त्यांच्या खाली, शाबासकीच्या वेगळ्या रकान्यात, दाखलेबहाद्दर! हा धुण्याच्या यंत्रावरचा गडी. दरवर्षी एकदाच, पण सलग वीस दिवस आजारी पडायचा आणि डॉक्टरांचा तीन पानी दाखला घेऊन परतायचा. त्याचा मेव्हणा डॉक्टरांकडेच कामाला होता. परत यायचा तेव्हा चेहरा असा तुकतुकीत, की आजारपण कशाला म्हणायचं आणि हवापालट कशाला, काही कळू नये.

आणि सगळ्यात वर धाकटी. सात वेळा आजारी, एकूण चौदा दिवस. सहाशे शहाऐंशी गुण.

"सात वेळा?" बाईंच्या तोंडून निघालं.

"तुमच्याच वहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या जाऊबाई ना त्या? मला वाईट वाटतं. पण एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं मला करता येणार नाही. शुक्रवारी चारला सही करा. नोंदी खऱ्या आहेत, एवढंच लिहायचंय."

बाई आपल्या काचेच्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सात वेळा नव्हे. तीन वेळा. धाकटी वर्षात तीनदा आजारी पडली होती, आणि तिन्ही वेळा तिच्या उशाशी कोण बसलं होतं? ह्याच.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. कारखान्यात पूर्वीपासूनचा नियम होता: सलग दोन दिवसांपुढे आजारी राहिलं तर डॉक्टरांचा दाखला आणायचा. डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तापाने फणफणलेल्या माणसाने दोन बस बदलायच्या, बाकावर चार तास बसायचं, कागद घ्यायचा आणि कारखान्यात आणून द्यायचा. सत्तावीस वर्षांमागे इस्त्रीवरची एक बाई, अंगाने एवढीशी, सगळे तिला चिमणी म्हणत, ती तिसऱ्या दिवशी असा दाखला घेऊन आली आणि ह्यांच्या टेबलासमोर धाडकन कोसळली. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. खोक पडली.

त्या दिवसापासून बाईंनी ठरवलं. माणूस पाच दिवस आजारी असेल तर दोन दिवस 'आ', तिसऱ्या दिवशी 'ह', पुढे पुन्हा दोन दिवस 'आ'. मधल्या दिवसाची हजेरी! दोनाच्या पुढे कोणी गेलंच नाही, मग दाखला कशाचा? त्या दिवसाचं तिचं काम शेजारच्या चौघी वाटून घ्यायच्या. चादर एकही कमी पडायची नाही. कोणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आजारी बाईचा निरोप यायचा, "बाईंना सांगा, मधला लावा." आणि बाई लावायच्या.

भलं करायला गेल्या आणि गळ्याशी आलं. एका आजारपणाची दोन झाली, दोनाची पाच, आणि ह्या नव्या हिशेबाला नेमकी तीच मोजायची होती. जी माणसं अंथरुणाला खिळली होती तीच आता कामचुकार ठरत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि दोर वळला बाईंनी स्वतःच्या हाताने.

गुरुवार त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. शिधापत्रिकेच्या पाकिटामागे आकडेमोड केली. पाच दिवस, पाच दिवस आणि आठ दिवस, म्हणजे खरे अठरा दिवस. तीन त्रिक नऊ, नवा अठरं एकशे बासष्ट. ताकीदसुद्धा नाही! जास्त दिवस आजारी आणि गुण कमी. खरं लिहिलं असतं तर धाकटी सुखरूप होती.

खरं सांगायचं, तर काय सांगायचं? की एकोणतीस वर्षांची वही खोटी आहे? आणि तेही कधी, जावेचं नाव यादीत आल्यावर? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. न सांगावं, तर सोमवारी धाकटीने डबा घेऊन निघायचं कुठे?

शुक्रवारी अकराच्या चहाला धाकटी काचेवर टकटक करून आत आली. एका हातात दोन कप. पदराने घाम पुसत होती आणि मधेच खोकत होती. दोघी एकाच घरात वरखाली राहत. वीस वर्षांत मीठ देण्याघेण्यावरूनसुद्धा भांडल्या असतील, पण चहा एकमेकींशिवाय कधी प्यायल्या नव्हत्या.

"घ्या जाऊबाई. साखर घातलीय दोन चमचे. तोंड कडू झालं असेल."

"माझं कशाला कडू होईल?"

"वा! सगळ्या कारखान्याला कळलंय आणि तुम्ही मला विचारता, 'कशाला?' यादीत पहिला नंबर आलाय म्हणे माझा. शाळेत कधी आला नाही तो इथे आला."

"धाकटे, चेष्टा करू नकोस."

"मग काय गळा काढू? इस्त्रीवरच्या बायका म्हणतात, तुझी जाऊ तिथे बसलीय, तुला कसली काळजी. मी म्हटलं, अगं, तिच्या वहीने बापाला सोडलं नसतं, मी कोण?"

बाईंनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"तुला माहितीय ना, तुझे मधले मी लावले ते?"

"माहितीय."

"मग मला बोलत का नाहीस काही? घाल ना चार शिव्या."

धाकटीने आपला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "त्या आठ दिवसांत मला पेज कोणी भरवली? शिव्या घालायला तेवढं तोंड रिकामं पाहिजे." आणि तिला खोकल्याची उबळ आली. टेबलाला धरून ती वाकली. सरळ झाली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं की कशाचं कोण जाणे. "तुम्ही नका मधे पडू. दोन वर्षं राहिलीत तुमची. बुडत्यापाठी दुसरीने उडी कशाला मारायची?"

ती गेली. बाईंनी चहा तसाच ओतून दिला. बाराला त्या रुळांच्या रांगेतून चालत टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मुकादमाने विचारलं, "काय बाई, काही हरवलं का?" म्हणाल्या, "चष्मा." चष्मा नाकावरच होता. एकला पुन्हा निघाल्या. या खेपेला मागच्या दारापर्यंत गेल्या, तर दाराच्या फटीतून गार वाऱ्याचा असा झोत आला की अंगावर काटा आला. धाकटी आणि आणखी एक बाई चादरींचा भरलेला गाडा ढकलत बाहेर अंगणात नेत होत्या. इस्त्रीच्या वाफेत भिजलेली पोलकी पाठीला चिकटलेली, आणि बाहेर बोचरी थंडी.

बाई तिथेच थबकल्या. मग जवळजवळ धावतच खोलीत आल्या, वही काढली आणि उलट बाजूने उघडली.

चारला दहा कमी असताना त्या मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. वही छातीशी धरलेली.

"या बाई. पेन देऊ?"

"पेन नको. मी सही करत नाही."

मॅडमनी संगणकावरची नजर काढली. "जावेचं नाव आहे म्हणून?"

"नाही. वही खोटी आहे म्हणून."

"म्हणजे?"

बाईंनी सगळं सांगितलं. चिमणीपासून. उभ्यानेच सांगितलं, कारण बसलं तर पुन्हा उठवणार नाही असं त्यांना वाटत होतं. मॅडमचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? मी तीन महिने ह्या नोंदींवर डोकं फोडतेय! आणि आज, चारच्या दहा मिनिटं आधी, तुम्ही सांगता की माणूस घरी तापात होतं तेव्हा इथे हजर होतं? मी हे खरं कशावरून मानू? जावेला वाचवायला कोणीही असं सांगेल."

"सांगेल. लोकही तेच म्हणतील. म्हणूनच वही आणलीय."

त्यांनी वही टेबलावर उघडली आणि पेन्सिलीचं टोक एका 'ह'खाली टेकवलं. त्याच्या पायाशी सुईच्या अग्राएवढा एक ठिपका होता.

"मधल्या प्रत्येक दिवसाखाली आहे. खोटं लिहिलं, पण वहीला फसवायला हात धजेना. हा ठिपका दिसला की समजायचं, त्या दिवशी माणूस इथे नव्हतं. भरून घेणाऱ्या पोराला तो डाग वाटला असेल. आधीच्या वह्या कपाटात आहेत. सत्तावीस वर्षांचे ठिपके आहेत, एका रात्रीत घालता यायचे नाहीत."

मॅडमनी डोळ्याला भिंग लावल्यासारखं वहीवर डोकं वाकवलं. एक पान, दुसरं, तिसरं. मग संगणकावर धाकटीच्या नावापुढचे आकडे बदलले. एकशे बासष्ट. पुढचं नाव. त्याच्या पुढचं. बाई ठिपके वाचून दाखवत होत्या, मॅडम भरत होत्या. चार वाजून गेले, पाच झाले. तेरापैकी दोघे उरले. त्यांतला एक दर सोमवारी आजारी पडायचा. त्याच्याबद्दल बाईंना काही म्हणायचं नव्हतं.

"आणि हे मागे काय लिहिलंय?" मॅडमनी वहीची शेवटची पानं उलटली. प्रत्येक आजारपणापुढे बाईंनी बारीक अक्षरात एकेक शब्द लिहिलेला. ताप. पाठ. बाळंतपण. पोट. आणि गेल्या थंडीपासून खाली खाली एकच शब्द: गाडा, गाडा, गाडा.

"गाडा हा काय आजार आहे?"

"गाडे ढकलणारे दोघे तुम्ही आल्या आल्या कमी केलेत ना? तेव्हापासून इस्त्रीवरच्या बायकाच गाडे बाहेर नेतात. वाफेतून उठायचं, घामाने निथळत थंडीत जायचं, परत वाफेत. लिहीत होते मी, पण मलाही उमगलं ते आजच, मागच्या दाराशी. तुमच्या तेरा नावांतली नऊ त्याच रांगेतली आहेत. मोजून बघा."

मॅडमनी मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोन गडी कमी करून खर्च वाचवला असं त्यांनीच मालकांना लिहून दिलं होतं.

"बाई," शेवटी त्या म्हणाल्या, आवाज खाली आला होता, "यादी मी फाडते. पण हे वहीचं मी लपवू शकत नाही. मालकांना सांगावं लागेल."

"सांगा. मी सत्तावीस वर्षं लपवलं, त्याचं हे झालं."

काचेची खोली सोमवारी रिकामी झाली. तिथे भिंतीवर हजेरीचं कार्ड टोचायचं यंत्र लागलं. टोचलं की खट्ट आवाज व्हायचा, आणि माणूस कसं आहे याची त्याला काही पडलेली नसायची. मालकांनी जुन्या मालकांच्या शब्दाखातर बाईंना काढून टाकलं नाही, घड्यांच्या टेबलावर पाठवलं. गाडेवाले दोन नाहीत, पण एक परत आला. दाखला तिसऱ्या दिवसाऐवजी सहाव्या दिवशी मागायचं ठरलं. आणि आजारातून परत आलेल्या प्रत्येकाला मॅडम पाच मिनिटं समोर बसवू लागल्या: काय झालं होतं, कशाने झालं, आता कसं वाटतं. दाखलेबहाद्दर त्या पाच मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आला म्हणतात.

घड्या घालणं बाईंना जमेना. चादरीची चार टोकं जुळायची नाहीत.

"जाऊबाई, अहो ती चादर आहे, तिला फरफटवू नका," धाकटी पलीकडून ओरडायची. "एकोणतीस वर्षं आमच्या चुका लिहिल्यात, आता आमची पाळी!" सगळ्या हसायच्या. बाईही हसायच्या, आणि मान वळवून त्या काचेच्या खोलीकडे बघायच्या. दिवसातून किती वेळा बघायच्या, ते कुणी मोजलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. एकोणतीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावापुढे एकही 'आ' नव्हता. पहिले दोन दिवस अंगात त्राण नव्हतं म्हणून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप जरा उतरल्यासारखा वाटला मात्र, उठून बसल्या. कूस बदलली, पाय खाली सोडले, वर घेतले, पुन्हा सोडले. पायांनी चपला चाचपल्या.

दारात धाकटी उभी होती, कामाला निघालेली, डबा काखेत.

"कुठे निघालात?"

"जाऊन येते गं एक दिवस. मग पुन्हा पडेन हवं तर. आज तिसरा ना."

धाकटीने डबा खाली ठेवला. दोन्ही चपला उचलल्या, आपल्या पिशवीत घातल्या आणि पिशवीचा बंद ओढला.

"पडा गुमान," ती म्हणाली. "मधला लावायचा नाही. आजारपण एकच आहे, ते एकदाच होऊन जाऊ दे."

आणि ती जिना उतरून गेली. बाई अनवाणी पाय अंथरुणावर घेऊन आडव्या झाल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. आठ वाजायला पाच मिनिटं होती. आता पहिली बाई कार्ड टोचत असेल.